परीक्षा औषधाची, सही आपली

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मी कविता लिहिते. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. घरात डॉक्टर कुणी नाही, कंपाउंडरसुद्धा नाही. तरीही दर दोन महिन्यांनी एका रुग्णालयाच्या पहिल्या मजल्यावर मी डॉक्टरांच्या रांगेत जाऊन बसते आणि एखादं नवं औषध आमच्या भागातल्या माणसांना देऊन पाहायचं की नाही, यावर माझं मत रीतसर नोंदवलं जातं. हे कसं काय, असं मला पुष्कळ जण विचारतात. आजचा विषय त्या विचारण्यातूनच निघाला आहे.

आपल्याकडे नव्या औषधाची माणसांवर चाचणी घ्यायची, म्हणजे ज्याला क्लिनिकल ट्रायल म्हणतात ती करायची, तर सरकारी परवानगीशिवाय आणखी एक मंजुरी लागते. ती एथिक्स कमिटीची, म्हणजे नीतिसमितीची. २०१९ साली केंद्र सरकारने या चाचण्यांसाठी नवे नियम लागू केले. त्यांनुसार समितीत किमान सात माणसं हवीत. त्यांतली निम्मी तरी त्या संस्थेबाहेरची हवीत आणि अध्यक्षही बाहेरचाच हवा. डॉक्टर हवेत, औषधशास्त्राचा जाणकार हवा, कायदा जाणणारा हवा, एखादा समाजशास्त्रज्ञ किंवा सामाजिक संस्थेचा प्रतिनिधी हवा, एक स्त्री हवी आणि एक चक्क सामान्य माणूस हवा. सामान्य म्हणजे लिहिता-वाचता येणारा, पण वैद्यकाच्या व्यवसायातला नसलेला, इथली भाषा आणि रीतिरिवाज ओळखणारा. आमच्या समितीने 'स्त्री' आणि 'सामान्य माणूस' हे दोन्ही नियम एकाच खुर्चीत बसवले आणि ती खुर्ची मला दिली. गंमत अशी, की सामान्य माणूस आला नाही तर कोरम भरत नाही. हृदयाचे आणि मेंदूचे नामवंत तज्ज्ञ चहाचे कप पुढे ठेवून माझी रिक्षा येण्याची वाट पाहत बसतात. कवीला असा मान साहित्य संमेलनातही मिळत नाही.

समितीत जे बोललं जातं ते बाहेर सांगायचं नाही, असं आम्ही लिहून दिलेलं असतं. त्यामुळे रुग्णालयाचं, औषधाचं, कंपनीचं नाव माझ्या बोलण्यात येणार नाही. चाचणी म्हणजे काय, ती लागतेच कशाला, आणि तो कागद उद्या आपल्या पुढ्यात आला तर त्यात काय पाहायचं, एवढंच सांगणार आहे.

लोकांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. "म्हणजे आमच्यावर प्रयोग करणार?" नाटकवाल्यांचा प्रयोग झाला की आपण टाळ्या वाजवतो, दवाखान्यात तोच शब्द आला की अंगावर काटा येतो. ही भीती अडाणीपणाची नाही. तिला कारणं आहेत, त्यांच्याकडे मी येणारच आहे. पण आधी उलट बाजू पाहू. प्रयोग न करता दिलेलं औषध म्हणजे काय असतं?

२०२१ चा एप्रिल महिना आठवून पाहा. करोनाची दुसरी लाट होती. प्रत्येकाच्या मोबाइलवर दर पाच-दहा मिनिटांनी निरोप यायचा: अमुक रक्तगटाचा प्लाझ्मा हवा, पेशंट गंभीर आहे, कृपया पुढे पाठवा. बरे झालेल्या माणसांचे फोन नंबर लोक हातापाया पडून मिळवत होते. कल्पना अगदी पटण्यासारखी होती. जो या आजारातून उठला, त्याच्या रक्तात आजाराशी लढणारी द्रव्यं तयार झालेली असतात. ती आजारी माणसाला दिली तर तोही उठेल. आणि खरोखरच प्लाझ्मा मिळालेली कितीतरी माणसं घरी आली. त्यांच्या नातेवाइकांनी ते सगळ्यांना सांगितलं. ज्यांना प्लाझ्मा मिळूनही माणूस राहिला नाही, त्यांनी कुणाला काय सांगायचं? आणि जे बरे झाले त्यांतले किती जण प्लाझ्मा नसतानाही बरे झाले असते, हे तर एकेका घराच्या अनुभवावरून कळायला मार्गच नाही.

ते कळण्याचा मार्ग एकच असतो, आणि तो आपल्याच देशात आधी वापरून झाला होता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० च्या एप्रिल ते जुलै या काळात देशभरातल्या ३९ रुग्णालयांत मध्यम स्वरूपाच्या आजाराचे ४६४ रुग्ण घेतले. त्यांतल्या २३५ जणांना नेहमीच्या उपचारासोबत प्लाझ्मा दिला, २२९ जणांना फक्त नेहमीचे उपचार. कुणी कुठल्या गटात जायचं हे ना डॉक्टरने ठरवलं ना पेशंटने. अठ्ठावीस दिवसांनी हिशेब केला. प्लाझ्मा मिळालेल्यांपैकी ४४ जणांचा आजार गंभीर झाला किंवा ते दगावले. न मिळालेल्यांपैकी ४१. म्हणजे फरक काहीच नाही. हा निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये छापून आला होता. त्यानंतर सहा महिन्यांनी आपण सगळे प्लाझ्मासाठी रानोमाळ फिरत होतो. मे २०२१ मध्ये सरकारी उपचारसूचीतून तो काढला गेला. तोवर लोकांचे पैसे गेले, पेट्रोल गेलं, आणि घरच्या माणसाजवळ बसायचे ते शेवटचे तास रक्तपेढीच्या दारात गेले. याचा मला अजून राग येतो.

प्लाझ्माने निदान फारसं बिघडवलं नाही. सगळीच औषधं इतकी सज्जन नसतात. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाच्या हृदयाचे ठोके कधीकधी चुकतात, आणि असे ठोके चुकणारी माणसं पुढे अचानक दगावण्याचं प्रमाण जास्त असतं. मग ठोके नियमित करणारी गोळी दिली तर माणूस वाचेल, हे कुणालाही पटेल. अमेरिकेत डॉक्टरांना ते पटलं होतं आणि तशा गोळ्या दिल्या जात होत्या. १९८० च्या दशकाच्या शेवटी त्यांची रीतसर चाचणी झाली. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या दोन औषधांच्या गटात ७५५ रुग्ण होते, त्यांतले ६३ गेले. दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी घेणारे ७४३ होते, त्यांतले २६ गेले. गोळीने ठोके सुधारले होते, माणसं मात्र मरत होती. चाचणी मध्येच थांबवावी लागली. ती झालीच नसती तर? प्रत्येक डॉक्टरला वाटत राहिलं असतं की पेशंटचं हृदयच कमजोर होतं.

म्हणून तुलना हवी. एका गटाला नवं औषध, दुसऱ्याला आजवरचं चांगलं औषध. आजवरचं काहीच नसेल तर नुसती तशी दिसणारी गोळी. आणि दोन्ही गट सारखे हवेत. निवड डॉक्टरवर सोपवली तर तो तरण्याताठ्या, आशा असलेल्या पेशंटला नवं औषध देईल, किंवा दया येऊन सगळ्यांत आजारी माणसाला देईल. दोन्हीकडून हिशेब बिघडतो. म्हणून चिठ्ठ्या टाकायच्या. आता हे काम संगणक करतो, पण तत्त्व चिठ्ठीचंच.

ही पद्धत नीट रूढ झाली ती क्षयरोगामुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिन हे नवं औषध आलं, पण फार थोडं. सगळ्यांना पुरणार नव्हतंच. ब्रॅडफर्ड हिल नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने म्हटलं, नाहीतरी पुरत नाही, मग कुणाला द्यायचं ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवू दे. १०७ रुग्ण होते. सहा महिन्यांनी औषधाच्या गटातल्या ५५ पैकी ४ दगावले होते. नुसत्या विश्रांतीच्या गटातल्या ५२ पैकी १४. हा अहवाल १९४८ साली आला. त्याच चाचणीत हेही दिसलं, की काही काळाने जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. म्हणून पुढे दोन औषधं एकत्र देण्याची रीत पडली.

आणि इथून मला आपल्या देशातल्या त्या चाचणीकडे यायचं आहे, जिच्याविषयी शाळेच्या पुस्तकात धडा असायला हवा होता.

१९५० च्या दशकात क्षय झाला म्हणजे सॅनेटोरियम, हे समीकरण होतं. आमच्या सोलापूरकडची माणसं मिरजेजवळच्या वानलेसवाडीला जात. ज्यांच्याकडे पैसा होता ते पाचगणीच्या हवेला. माझ्या आईच्या मामांना असं ठेवावं लागलं, तेव्हा घरातला हातमाग विकला होता, हे मी लहानपणापासून ऐकत आले. मोकळी हवा, दूध, अंडी, पूर्ण विश्रांती, आणि घरापासून लांब, म्हणजे पोराबाळांना लागण नको. पण देशात क्षयरोगी लाखांनी आणि सॅनेटोरियमच्या खाटा काही हजार. बाकीच्यांनी काय करायचं? तोवर क्षयावर गोळ्या आल्या होत्या. मग एक धाडसी प्रश्न पुढे आला: याच गोळ्या घरी बसून घेतल्या तर?

मद्रासमध्ये १९५६ साली यासाठी एक केंद्र सुरू झालं. आयुर्विज्ञान संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून ते काढलं. वॉलेस फॉक्स नावाचे ब्रिटिश डॉक्टर त्याचे प्रमुख होते. शहरातल्या गरीब वस्त्यांमधले १९३ रुग्ण घेतले. चिठ्ठीने त्यांचे दोन भाग केले. निम्मे सॅनेटोरियममध्ये, निम्मे आपापल्या घरी. आयसोनियाझिड आणि पास ही दोन औषधं दोघांनाही सारखीच, एक वर्षभर.

आता ही तुलना कशी होती ते डोळ्यांसमोर आणा. एकीकडे खाट, चादर, वेळेवर जेवण, नर्सच्या देखरेखीखाली औषध. दुसरीकडे एका खोलीत पाच-सात माणसं, पोटाला अपुरं, थोडं बरं वाटलं की कामावर जावं लागणार. घरच्या गटावर लक्ष ठेवायला केंद्राचे कार्यकर्ते अचानक घरी जात, उरलेलं औषध मोजत, लघवी तपासून औषध खरंच घेतलं का ते पाहत. वर्षानंतर सॅनेटोरियमच्या गटात शंभरातले ९२ जण असे होते, की त्यांच्या थुंकीतले जंतू नाहीसे होऊन रोग निवला होता. घरच्या गटात ८६. इतकाच फरक. शिवाय सगळ्यांना धास्ती होती ती घरातल्या इतरांची. त्या कुटुंबांवर पुढे पाच वर्षं लक्ष ठेवलं. रुग्ण घरी राहिला म्हणून घरच्यांना क्षय जास्त झाला, असं दिसलं नाही. लागण व्हायची ती बहुधा उपचार सुरू होण्याआधीच होऊन गेलेली होती.

१९५९ साली हा अहवाल आला आणि सॅनेटोरियमची सद्दी हळूहळू संपली, इथलीच नाही तर जगभरची. आज आरोग्य केंद्रातून गोळ्या घेऊन माणूस घरी राहून बरा होतो, याची सुरुवात त्या १९३ जणांपासून आहे. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. मला सारखं वाटतं, की चिठ्ठीत 'घर' निघालेल्या बाईला त्या दिवशी काय वाटलं असेल? तिच्या शेजारणीने नक्कीच म्हटलं असेल, की गरीब म्हणून तुला हाकलून लावलं.

म्हणजे पेशंटला काय सांगितलं जातं, कोणत्या शब्दांत सांगितलं जातं, हा प्रश्न आलाच. आणि समितीत माझं काम बहुतेक करून तेवढंच आहे.

माहितीपत्रक आणि संमतीपत्र पेशंटच्या भाषेत असावं असा नियम आहे. ते मूळ इंग्रजीत लिहिलं जातं आणि मग कुठेतरी त्याचा मराठी अनुवाद होतो. एकदा माझ्यापुढे आलेल्या कागदावर वाक्य होतं: 'यादृच्छिकीकरणानंतर आपणांस उपचार-शाखेत समाविष्ट करण्यात येईल.' मी विचारलं, हे कुणाला कळेल? डॉक्टर म्हणाले, "मॅडम, शब्द परिभाषा कोशातला आहे." असेल. पण विडीच्या कारखान्यात पाने मोजून घेणाऱ्या बाईने परिभाषा कोश कधी चाळायचा? आम्ही लिहिलं: 'दोन गट आहेत. तुम्ही कोणत्या गटात जाल हे चिठ्ठी टाकल्यासारखं संगणक ठरवील. तुम्ही किंवा डॉक्टर ते ठरवू शकणार नाही.' आणखी एक कागद डोळ्यांत घालायच्या थेंबांचा होता. कुणाला कोणते थेंब मिळाले हे पेशंटलाही माहीत नसतं आणि डॉक्टरलाही, म्हणजे कुणाच्या मनाचा कल आड येत नाही. या पद्धतीला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचं सरळ भाषांतर करून कागदावर छापलं होतं, 'हा दुहेरी अंध अभ्यास आहे.' मोतीबिंदूचा म्हातारा माणूस ते वाचून दवाखान्याच्या पायऱ्या तरी चढेल का?

असे शब्द बदलणं सोपं. काही ओळी बदलता येत नाहीत, त्या समजावूनच सांगाव्या लागतात. संमतीपत्रावर वारसाचं नाव, पत्ता आणि नातं लिहायची जागा असते. ती पाहिली की निम्मे लोक पेन खाली ठेवतात. आमच्या मोहल्ल्यातली एक बाई एका दवाखान्यातून असाच कागद घेऊन संध्याकाळी माझ्याकडे आली. म्हणाली, "आपा, मरायचं पक्कं आहे म्हणून वारस विचारतात ना?" तिला सांगितलं ते असं: चाचणीमुळे इजा झाली तर उपचाराचा खर्च तुझ्यावर येत नाही, तो त्यांनी करायचा. चाचणीमुळे मृत्यू झाला तर घरच्यांना भरपाई द्यावी लागते. ती कुणाला द्यायची हे आधीच लिहून ठेवलेलं बरं. तिने वारस म्हणून नवऱ्याचं नाव न घालता मुलीचं घातलं. ते का, हे मी विचारलं नाही.

तिचा दुसरा प्रश्न होता, मध्येच सोडता येईल का? येतं. कधीही, कारण न सांगता, आणि त्यावरून पुढच्या उपचारात दुजाभाव करायचा नाही, हे कागदावर छापलेलं असावंच लागतं. वाचता येत नसेल तर सगळं वाचून दाखवताना शेवटपर्यंत एक तटस्थ साक्षीदार हजर हवा आणि त्याची सही हवी. परिस्थितीमुळे नाही म्हणणं ज्यांना अवघड आहे, अशांना अगदी नवं औषध द्यायचं असेल तर संमतीचं चित्रीकरणही करावं लागतं.

काही मुद्दे मात्र डॉक्टरांच्या मनात येतच नाहीत, कारण त्यांच्या पुस्तकात ते नसतात. मधुमेहाच्या एका गोळीचं वेळापत्रक होतं, दिवसातून तीनदा, जेवणाबरोबर, चार महिने. मी कॅलेंडर उघडलं. रमजान मध्येच येत होता. रोजे धरणारा पेशंट काय करील? तो डॉक्टरला दुखवायला नको म्हणून 'घेतली' असं सांगेल आणि दुपारची गोळी डब्यातच राहील. पेशंटच्या साखरेला धोका, आणि अभ्यासाचा हिशेबही खोटा. मग चर्चा निघाली तेव्हा एका सदस्याने एकादशी काढली, दुसऱ्याने नवरात्र काढलं, आणि वेळापत्रकात उपवासाचं एक पानच वाढलं. कॅप्सूलचं तसंच. तिचं कवच पुष्कळदा जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या हाडाकातड्यापासून केलेलं असतं. हे कागदावर लिहा, असं मी म्हटलं, तेव्हा माझ्या आधी मान डोलावली ती समितीतल्या माळकरी वकीलसाहेबांनी.

पैशाचा प्रश्न नाजूक असतो. तपासणीला यायचं म्हणजे विडीकामगार बाईची दिवसाची मजुरी बुडते. येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी द्यायलाच हवी. पण रक्कम इतकी मोठीही नको की माणूस पैशासाठीच हो म्हणेल. या दोन्हींच्या मधली रेघ कुठे मारायची, यावर आमच्या बैठका सगळ्यांत जास्त लांबतात.

कारण 'हो' कोण म्हणतो आणि कशाच्या दडपणाखाली म्हणतो, याचा इतिहास आपल्या मुंबईपासूनच सुरू होतो. १८९७ साली मुंबईत प्लेग होता. वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारीला पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. तो महिना संपता संपता भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांतल्या तयार झालेल्यांना लस टोचली. टोचलेल्या १४७ जणांपैकी दोघांना प्लेग झाला, मेलं कुणी नाही. न टोचलेल्या १७२ पैकी १२ जणांना झाला आणि ६ मेले. त्या लसीने पुढे पुष्कळ जीव वाचवले, परळची संस्था आजही हाफकिन यांच्या नावाने उभी आहे. पण तुरुंगातल्या माणसाच्या 'हो'ला किती अर्थ असतो? आजच्या नियमांत कैद्यांना वेगळं संरक्षण आहे, ते याच शंकेपोटी.

आणि तुरुंगाबाहेरच्या माणसाचं 'हो' तरी पुरेसं असतं का? ज्याने हो म्हटलं आहे, त्याच्याशीही अन्याय होऊ शकतो. माझं माहेर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं. २०२३ पासून त्याला धाराशिव म्हणतात. या जिल्ह्यातल्या खेड्यांत १९९९ पासून एक फार मोठा अभ्यास झाला. बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाचा त्यात मोठा वाटा होता. विषय होता गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग. औषधाऐवजी इथे तपासणीची परीक्षा होती, पण पद्धत तीच. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका. खेड्यांचे ५२ समूह करून चिठ्ठीने चार गट पाडले. तीन गटांत तीन वेगवेगळ्या तपासण्या: एकीत एचपीव्ही या विषाणूची, एकीत पेशींची, एकीत आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची. चौथ्या गटात ३१,४८८ बायका होत्या. त्यांना आजाराची माहिती दिली, जवळ उपचार कुठे मिळतील ते सांगितलं. तपासणी केली नाही.

२००९ साली निष्कर्ष छापून आले. एचपीव्ही तपासणीच्या गटात या कर्करोगाने ३४ बायका गेल्या. चौथ्या गटात ६४.

यावर पुढे मोठा वाद झाला. टीकाकार म्हणाले, पेशींची तपासणी करून हा कर्करोग टाळता येतो हे श्रीमंत देशांत कित्येक दशकं माहीत होतं. मग चौथा गट तपासणीविना ठेवलाच का? संशोधकांचं म्हणणं, त्या खेड्यांत कुठलीच तपासणी होत नव्हती. जे चालू होतं तेच चौथ्या गटात चालू राहिलं, आम्ही काढून काही घेतलं नाही. शिवाय चौथा गट होता म्हणूनच एक गोष्ट कळली: परदेशात नावाजलेली पेशींची तपासणी आणि डोळ्यांनी पाहण्याची तपासणी, या दोन्हींनी त्या खेड्यांत मृत्यू म्हणण्यासारखे कमी झाले नाहीत. कमी झाले ते एका एचपीव्ही तपासणीने. हे कळलं नसतं तर सरकारने कदाचित चुकीच्या तपासणीवर पैसा घातला असता.

माहेरचा जिल्हा म्हणून मी हे सगळं शब्दन् शब्द वाचलं. संशोधकांचा दुसरा मुद्दा मला पटतो. पहिला नाही. 'इथे काहीच नव्हतं' हे आपल्या आरोग्यव्यवस्थेचं अपयश आहे. त्यालाच तुलनेची पट्टी धरायची म्हटलं, तर जिथे सगळ्यांत कमी आहे तिथेच असे अभ्यास करणं सगळ्यांत सोपं ठरतं. माझ्यापुढे असा प्रस्ताव आला असता तर चौथ्या गटाची मुदत ठरवा आणि ती संपली की त्या बायकांची तपासणी कोण, कधी, कुणाच्या खर्चाने करणार हे आधी लिहून द्या, असं मी म्हटलं असतं. समितीतल्या डॉक्टरांपैकी एक-दोघांशी या एका मुद्द्यावर माझं आजही जमत नाही.

आपल्यापैकी कुणाला चाचणीत यायचं विचारलं तर आणखी एक करता येतं. २००७ साली देशात क्लिनिकल चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही सुरू झाली आणि जून २००९ पासून तिच्यात नोंद सक्तीची आहे, तीही पहिला रुग्ण घेण्याआधी. पूर्वी नको तो निष्कर्ष आला की अभ्यास कपाटात जायचा. आता सुरू झाला होता याची निदान खूण राहते. ही नोंदवही इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते. डॉक्टरांकडे नोंदणी क्रमांक मागा आणि घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला तो शोधायला सांगा. कागदाची एक प्रत आपल्याला द्यावीच लागते. तिच्यावर डॉक्टरांचा आणि नीतिसमितीचा संपर्क असतो. सही त्याच दिवशी करायची सक्ती नसते. कागद घरी न्या, दोन दिवस ठेवा.

मोहल्ल्यातल्या त्या बाईचा तिसरा प्रश्न मी अजून सांगितला नाही. तिने विचारलं होतं, "औषध लागू पडलं आणि अभ्यास संपला, तर पुढे मला ते मिळणार का?" चाचणीत औषध उपयोगी ठरलं, दुसरा पर्याय नसला, डॉक्टरांनी शिफारस केली आणि नीतिसमितीने मान्य केलं, तर पुढेही ते फुकट देण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. तिच्या चौदा पानी कागदात हे अकराव्या पानावर, एका लांबलचक परिच्छेदाच्या मध्यभागी होतं. तो कागद दुसऱ्या रुग्णालयाचा, त्यावर माझा अधिकार नाही. आमच्या समितीने मात्र तेव्हापासून ठरवलं आहे, की हे उत्तर दुसऱ्या पानावर, वेगळ्या ओळीत, मोठ्या अक्षरात हवं. गेल्या बैठकीत दोन फायली एवढ्यासाठीच परत पाठवल्या.